गोल हॉटेलची पडदेबाई

शहरातलं ते गोल हॉटेल बांधलं तेव्हा त्याला पडदेच नव्हते. आराखडा काढणाऱ्याची तशी अटच होती. सव्वीस मजल्यांचा उभा गोल मनोरा, मधोमध लिफ्ट आणि भोवती कलिंगडाच्या फोडींसारख्या खोल्या, दाराशी अरुंद, काचेशी रुंद. पलंगावर पडल्या पडल्या पाहुण्याला आभाळ दिसलं पाहिजे, मध्ये काही आड येता कामा नये, असं त्याचं म्हणणं. पहिल्याच उन्हाळ्यात पाहुणे भाजून निघाले. कुणी काचेवर चादर टांगली, कुणी कोट. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटायचं, एवढं टोलेजंग हॉटेल आणि धुणं वाळत घातलंय! शेवटी मालकांनी हात टेकले आणि पडदे शिवायला बायका घेतल्या.

त्यातलीच ती एक. तळघरात मशीन, आणि वर गोल भिंतीला धरून वाकवलेल्या दांड्यांवर पडदे चढवायचं काम. एका खोलीत तडकलेली काच बदलायला आलेला काचांचा कारागीर तिच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मी काचा बसवायच्या आणि तुम्ही झाकायच्या?"

"मग काय, आतल्या लोकांनी तुमचं तोंड बघत बसायचं?"

वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं. ही थट्टा घरात पुढे कितीतरी वर्षं चालली. हॉटेलात सगळे तिला पडदेबाईच म्हणू लागले. नणंदही तिथेच धुलाईखात्यात लागली.

गेल्या वर्षी नवरा गेला. सकाळी चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवला आणि तसाच एका अंगावर कलंडला. तिने कप उचलून मोरीत नेऊन विसळला. मग शेजाऱ्यांना हाक मारली. डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"दगड आहेस का गं तू?" सासूने विचारलं. तिला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाला तरी विचारलंय. पुढच्या आठवड्यात ती कामावर गेली. पडद्यांच्या चुण्या नीट पडत होत्या. जेवायची वेळ झाली की ती जेवत होती.

त्याच सुमारास हॉटेलचं नूतनीकरण निघालं. उन्हात आपोआप काळपट होणाऱ्या नव्या काचा येणार होत्या, म्हणजे पडद्यांना कायमची सुट्टी. सगळे पडदे उतरवायचं काम तिच्याकडेच आलं. ती वरच्या मजल्यापासून एकेक खोली रिकामी करत निघाली, पडद्यांचे आकडे खिशात टाकत. मागे नणंद ढकलगाडी घेऊन.

"वहिनी, तुला काहीच वाटत नाही का गं? सगळं तुझ्या हातचं."

"वजन वाटतं. धूळ फार साठलीय."

एका खोलीत माणसं जुनी काच काढत होती. त्यांचा मुकादम तिच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला. तिला बघताच त्याने काम थांबवलं.

"वहिनी, ही दादांनी स्वतः बसवलेली. उतरवायच्या आधी एकदा हात लावता का?"

तिने काचेवर तळवा टेकवला. काच गार होती. खाली रस्ता होता, रस्त्यावर गाड्या होत्या.

"बरी आहे," ती म्हणाली. "उतरवा."

नणंदेचा मात्र बांध फुटला. शेवटी भाऊच तो. ती वहिनीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. पडदेबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. खिशातले आकडे मांडीला टोचत होते, आणि आत्ता हललं तर हिला वाईट वाटेल, एवढंच तिच्या मनात होतं.

नव्या काचांचं हॉटेल पुन्हा सुरू झालं. तिला नोकरांचे गणवेश दुरुस्त करायला बसवलं. एके दिवशी नणंद म्हणाली, "आईला घेऊन माझ्याकडेच या राहायला. एवढ्या घरात दोघी काय करता?"

"येऊ," ती म्हणाली, कुणी चहा घेणार का विचारल्यावर 'घेऊ' म्हणावं तशी.

गेल्या त्या. दोन ट्रंका आणि शिलाई मशीन, सामान एवढंच. सासू आता काही विचारत नाही. रात्री जेवायला बसल्या की आधी सुनेला वाढते, आणि तिचं पुरतं जेवून होईपर्यंत पानावरून उठत नाही.