शेजारच्या खाटेवरचे काका

रविवारी शिरगावला गेलो होतो... काकांच्या बाराव्याला. नात्यातले नव्हेत. मुंबईच्या हॉस्पिटलात आमच्या खाटा शेजारी होत्या, एवढीच ओळख.

मी बोईसरला एका कारखान्यात फिटर आहे. चार महिन्यांपूर्वी मला जठराचा कॅन्सर निघाला. लवकर सापडला म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं... पोटाला पाच छोटी भोकं, बस. जठराचा मधला भाग काढला, पण खालचं तोंड आणि त्याला जाणारी नस डॉक्टरांनी राखली. त्यामुळे खाल्लेलं एकदम आतड्यात कोसळत नाही. दुसऱ्याच दिवशी मी वॉर्डात हळूहळू चालत होतो.

काकांना तोच आजार. त्यांना ऑपरेशनला नेलं आणि तासाभरात परत आणलं. सगळ्या पोटात पसरला होता... काही न काढताच टाके घातले.

मी चालायला लागलो की काकी टक लावून बघायच्या. एका दुपारी काकांना झोप लागली होती. मोसंबी सोलता सोलता काकींनी विचारलं, "तुमाला कसा कलला ओ, इतक्या लवकर?"

मी बोलून गेलो. "शी काळी व्हायला लागली होती, डांबरासारखी. बायकोनं ओढतच डॉक्टरकडे नेलं."

काकींचा हात थांबला. "काली?... यांना बी व्हायची. वरीस झाला. रक्तवाढीच्या गोल्या चालू होत्या ना, मला वाटला त्यानंच होते."

त्या गोळ्यांनीही काळी होते, हे खरंच आहे. मी तसं दोनदा सांगितलं. पण त्या ऐकतच नव्हत्या... अर्धी सोललेली मोसंबी हातात धरून काकांकडे बघत बसल्या. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी पाया पडलो, तेव्हा नुसती मान हलवली.

तेव्हा खोटं बोलायला हवं होतं का?... हेच डोक्यात घेऊन चार महिने काढले.

रविवारी जेवणं उरकल्यावर ओटीवर त्यांच्यासमोर बसलो आणि माफी मागितली.

"तुमी कशाला माफी मागता?" काकी म्हणाल्या. "माज्या जावेला तसाच व्हायला लागला होता. तुमचा बोलना आठवला, तशीच तिला धरून पालघरला नेली. अल्सर हाय. औषदावर बरी होईल."

मला बरं वाटलं, तेवढ्यात त्या आत काकांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "यांच्या वक्ताला मला कोनी नाय सांगितला."



पोटाच्या आत काय चाललंय हे शी सांगत असते, आणि आपण लाजेनं घरातही बोलत नाही. काकींना विचारूनच हे लिहितोय. "आमचा नाव नका टाकू," एवढंच म्हणाल्या, "बाकी सगला लिवा."