बोटीचं जड स्टिअरिंग

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक धरण आहे. तिथे फिरायला येणाऱ्यांसाठी आमची आठ माणसांची मोटरबोट चालते. माझं वरवट बकालला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळे बोटीची देखभाल माझ्याकडे आणि चालवायचं काम बाबांकडे. बाबांनी तीस वर्षं लाल बस चालवली. बोटीत बसल्यावरही ते आधी स्टिअरिंगला हात लावतात, मग तो कपाळाला लावतात. त्यांचा दुसरा नियम असा की गाडी जड आहे म्हणून कुरकुर करायची नाही. जुन्या बसगाड्यांचं चाक फिरवताना खांदे भरून यायचे. त्याबद्दल बोलणारा ड्रायव्हर त्यांच्या मते ड्रायव्हरच नव्हे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी, शेगावला दर्शन करून आलेलं एक कुटुंब बोटीत होतं. मी धक्क्यावर लाइफ जॅकेटं मोजत उभा होतो. बोट परत येताना वळायला हवी तिथे वळली नाही आणि धक्क्याच्या पायरीवर दाणकन आपटली. कुणाला लागलं नाही. एका बाईंचा जेवणाचा डबा तेवढा पाण्यात गेला.

माझा राग नाकावर असतो. मी उडी मारून बोटीत शिरलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सरका बाबा. हात गेले तुमचे."

बाबा उठले. किल्ली माझ्या हातात दिली, त्या बाईंना हात देऊन उतरवलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून ते धरणावर आलेच नाहीत. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलायला लागले. आईने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला दिलं, तर म्हणाले, "पोराले दे. माह्ये हात गेले." आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी न पिताच गॅरेजला निघालो.

बाबा येईनात म्हणून बोट मीच चालवू लागलो. चौथ्या दिवशी माझे खांदे उचलेनात. मी चाळिशीचा, रोज ट्रॅक्टरची चाकं काढणारा माणूस, आणि वळण घेताना मला पाय टेकवून दोन्ही हातांनी जोर लावावा लागत होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बोट वर काढली आणि उघडायला बसलो.

रचना साधी असते. चाक फिरवलं की केबल सरकते, केबलच्या टोकाचा स्टीलचा दांडा मोटरीजवळच्या नळीतून आतबाहेर होतो आणि मोटर वळते. मी दांडा आणि मोटर यांना जोडणारा नट काढला. मोटर एका बोटाने वळली. चाक मात्र तसंच घट्ट. म्हणजे खोट केबलमध्येच होती. दांडा नळीतून निघेना. घासलेट सोडलं, लाकडाचा ठोकळा धरून हातोडी मारली, दुपार त्यातच गेली. शेवटी निघाला तेव्हा त्याच्यावर काळं, वाळून दगड झालेलं ग्रीस बसलेलं होतं. सीटखाली केबल जिथे वळते तिथे बाहेरचं आवरण फाटून आतली तार झिजली होती.

ते ग्रीस मी ओळखलं. माझ्याच गॅरेजमधलं, ट्रॅक्टरला वापरतो ते. दर महिन्याला नळीवरच्या निपलला ग्रीस भरायची गन लावून, बाजूने बाहेर येईपर्यंत मीच भरत होतो, आणि बोटीची काळजी घ्यावी तर माझ्यासारखी, असंही चारचौघांत सांगत होतो.

जुनी केबल अंगणात अंथरून टेपने मोजली. बाबा ओट्यावर होते. त्यांनी काही विचारलं नाही, केबल सरळ व्हावी म्हणून शेंगांची टोपली तेवढी बाजूला घेतली. मी घरामागे जाऊन बोटीचे सुटे भाग विकणाऱ्या मुंबईच्या एका दुकानदाराला फोन लावला. लांबी सांगितल्यावर त्याने विचारलं, "ग्रीस भरताना दांडा आत घेता की बाहेर असतो?"

"बाहेरच असतो," मी म्हणालो.

"मग जाम होणारच. आधी दांडा पूर्ण आत घ्यायचा, मग थोडंसं, बोटीचंच ग्रीस. कोण करतं तुमच्याकडे हे काम? त्या माणसाला आधी काढून टाका."

"घरचाच माणूस आहे," मी म्हणालो. लाज वाटली, खरंच.

आठवड्याने नवी केबल आली. जुनी काढताना तिच्या टोकाला दोरी बांधली होती. त्याच दोरीने नवी बोटीच्या कडेखालून ओढून घेतली. सीटखालचं वळण या वेळी मोठं ठेवलं. चाकाकडचं टोक बसवलं, दांड्याला हलका हात मारून ग्रीस लावलं, नट आवळले. मग घरी जाऊन बाबांना म्हणालो, "चला, एक डाव पाहून घ्या."

"म्या पाहून काय करू?" ते म्हणाले. पण चपला घातल्या.

धक्क्याला बांधलेल्या बोटीत ते चाकासमोर बसले. हात लावला, कपाळाला नेला. मग चाक फिरवलं. ते इतकं हलकं फिरलं की ते दचकले. मग एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, पुन्हा परत आणलं.

"बाबा, तुमचे हात नव्हते गेले," मी म्हणालो. "ग्रीस म्याच चुकीचं भरत होतो. त्यानं केबल जाम झाली. चुकलो मी."

त्यांनी चाक पुन्हा मधोमध आणलं.

"मले वाटे जड होऊन राह्यली म्हून," ते म्हणाले. "पन मशीन तुले समजते. तू म्हनला हात गेले, तं म्या म्हनलं, असतीन गेले."

मी धक्क्यावर उतरलो आणि दोर सोडला.