गणितात न बसणारा ताप

धानोरा मागं पडून तास होत आला तरी पितांबर मामा थांबायचं नाव घेत नव्हते. साठीला टेकलेला माणूस, पण पाय असे उचलत की निर्मलाबाईला मागून जवळजवळ पळावं लागे. ती त्यांची सख्खी भाची, मुलींच्या शाळेत शिकवायची.

"मामा, जरा हळू चाला. ताप काय पळी जास का?"

"तो पळत नही पोरी, म्हनीसन तर मी पळी ऱ्हायनू!"

मामा देवी टोचणारे. बावीस वर्षं खांद्याला पेटी. शिक्षण मराठी चौथी, पण त्रैराशिकाचा नाद काही सुटला नव्हता. अडतीस सालच्या चैत्रात वरून हुकूम आला, गावोगाव पोरांची पोटं चाचपा आणि शंभरात किती जणांची पानथरी वाढलीय ते लिहा. हिवतापानं डाव्या बरगडीखालची प्लीहा फुगते, ती पानथरी. आकडा मोठा निघेल त्या गावाला कोयनेलच्या गोळ्या आणि डबक्यांवर टाकायला तेल मिळणार होतं.

बाकीचे आकडा लिहून मोकळे झाले. मामा तिथं थांबले नाहीत. एका आजाऱ्यामागं दोन नवे पडले तर ताप वाढत जाणार, दोघांमागं एकच पडला तर तो आपोआप विझणार. म्हणजे झाडून सगळे डास मारायला नकोत, एकामागं पुरता एकही पडू नये इतके कमी केले की झालं. आणि पानथरीची पोरं अंगात ताप नसताना हिंडतात, खेळतात. उन्हाळाभर तापाचं बी तीच सांभाळतात. ती किती आहेत ते कळलं, की भादव्यात किती अंथरुणं पडतील ते आधी सांगता येतं.

भादवा सरला तेव्हा चार गावांत मामांचं म्हणणं खरं ठरलं. नाल्याकाठच्या वस्तीत मात्र चुकलं. तिथं चाळीस पोरांत चारच पानथऱ्या सापडल्या होत्या, म्हणून त्यांनी दहाबारा आजारी धरले. पडले पन्नास. तीन पोरं दगावली. आकडा लहान, म्हणून औषधही आलं नव्हतं. आता परवा शेवटची यादी जायची होती आणि मामा पुन्हा मोजायला निघाले होते.

"मन्हं गणितच खोटं शे का व?" चालता चालता त्यांनी विचारलं.

निर्मलाबाईनं मनात रामाचं नाव घेतलं आणि बोलून टाकलं. "गणित खरं शे मामा. तुम्हले बठ्ठी पोरे दखाडतच नहीत."

त्या वस्तीतली रूपलीबाई शाळेत पाणी भरायला येई. तिनंच सांगितलं होतं. पानथरी वाढली की तिकडं तापल्या लोखंडानं पोराच्या पोटावर डाग देत. सहा वर्षांपूर्वी असंच एक भाजलेलं पोर पाहून मामा वस्तीच्या मधोमध गरजले होते, पुन्हा डाग दिसला तर आईला फौजदाराकडं देईन! तेव्हापासून लांबून मामांची पेटी दिसली की डागाची पोरं नाल्याच्या झाडीत लपत. मोजायला उरत ती धडधाकट.

मामा बांधावरच बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"यंदा एकबी डाग दिखना नही," ते म्हणाले. "मी खूश व्हतू. माले वाटनं, बायास्नी मन्हं ऐकं."

"तुम्ही पोरेसना भल्यासाठीच वरडनात ना?"

"वरडनू ना पन. नि तीन पोरे गयात."

तुरीपलीकडं वस्तीचा धूर दिसत होता. मामांनी खांद्यावरची पेटी उतरवली आणि झुडपाआड सरकवली.

"तू पुढं जाय," ते म्हणाले. "घरोघर चुलीपाशी बस. सांग, तो म्हतारा माफी मागस. फौजदार नही, कोनी नही. पोरेसले मायन्या मांडीवरच ऱ्हाऊ द्या म्हना, मी दारशी बसीसन पोट दखसू. माले दखीसन त्या पळतीन, तुले दखीसन नही. इतलं करशी ना, माय?"