घंटीऐवजी काका

जपानमध्ये, निशी-कसाईत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका डोंगरात सतत बोलतात. जुन्या तांब्याच्या खाणीकडे जाणारी वाट उजाड, वाळवंटासारखी. तिथे अस्वलं फिरतात; आवाजाने ती दूर राहावीत म्हणून लोक सॅकला घंटी बांधतात. मी घरातला पहिला पदवीधर; वाटेवरची सूचनेची पाटी वाचली आणि घंटी घेतली.

“मी असताना घंटी कशाला?” म्हणत काका पुण्याच्या सोसायटीतलं तेच पार्किंगचं भांडण पुन्हा सांगायला लागले.

खाणीच्या तोंडापाशी मात्र ते दरवेळी टोपी काढून गप्प उभे राहतात. त्या दिवशी तिथेच अस्वलाची ताजी विष्ठा दिसली.

“काका, बोला की!”

वाजू नये म्हणून त्यांनी माझी घंटी मुठीत धरली. “आत माणसं गाडली गेलीत रे.”

बऱ्याच वेळाने टोपी घालून ते म्हणाले, “तर पार्किंगचं काय झालं...”

ती गोष्ट मी पहिल्यांदाच मन लावून ऐकली.