लाल चिंधीचं तवसं

उत्तनला भाजी आणायला गेलं की भाजी पिशवीभर येते आणि किस्से पोतंभर! भाजी दोन दिवसांत संपते, किस्से मात्र भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या बाकावर वर्षभर पुरतात.

आमची टोळी तिघांची. मी, काशीमीऱ्याला हार्डवेअरचं दुकान असलेले कमलेशभाई आणि रत्नागिरीचे पारकर काका. काकांना इथं येऊन उभं आयुष्य झालं, तरी कुठलीही भाजी बघितली की एकच वाक्य, "आमच्याकडे याहून मोठी होते!"

*

उत्तनची रोझी मावशी आम्हाला भेटली भाईंदरच्या शेतकरी बाजारात. तिच्याकडे काटा नाही, नुसते वाटे. कमलेशभाई धंदेवाला माणूस. पुढच्या रविवारी त्यांनी खिशातून स्प्रिंगचा काटा काढला. "मावशी, वजन करके दो."

मावशीनं भेंडीची पिशवी काट्याला लावली आणि आकड्याकडे न बघता वर एक मूठ टाकली. कमलेशभाई आकडा वाचेपर्यंत आणखी एक मूठ. मग आणखी एक. शेवटी तेच ओरडले, "बस मावशी, बस! तुम्हारा नुकसान हो रहा है!"

तेव्हापासून तो काटा दुकानातच असतो.

*

मग आम्ही थेट तिच्या शेतावर जायला लागलो. एकदा कमलेशभाई दुकानातून निघून ट्रॅफिकमध्ये अडकले आणि पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मी म्हटलं, "मावशी, लाल माठ द्या ना."

"आता न्हाय. झाडं निजली. सकाळी या."

मी हसणार होते, पण वाफ्यावर अशी काही शांतता होती की माझंही तोंड मिटलं. तेवढ्यात कमलेशभाईंचा फोन वाजला. त्यांनी तो घाईघाईनं बंद केला आणि हळूच म्हणाले, "सॉरी हं!"

मावशीला नव्हे, माठाला!

*

गणपतीनंतरचा रविवार. मावशीभोवती गिऱ्हाइकं. तिनं लांबूनच हात हलवला, "काय पायजे ते तोडा, जा!"

काका काकडीच्या मांडवाखाली गेले आणि हातभर लांब, पिकून पिवळंधमक झालेलं तवसं घेऊन आले. कोकणात या मोठ्या काकडीला तवसं म्हणतात. काकांचे डोळे भरलेले. "याचं धोंडस करतात. आई करायची. आमच्याकडे याहून..." आणि वाक्य पुरंच केलं नाही. पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी काकींनी गूळ-रवा घालून धोंडस भाजलं. प्रत्येक मजल्यावर तुकडा पोचला. लोकांनी बोटं चाटली.

*

पुढच्या रविवारी मावशी मांडवाखाली गळ्यातला क्रूस मुठीत धरून उभी होती. समोर लाल चिंधी बांधलेली बोटभर काकडी.

"ही बियाची काकडी. चिंधी मीच बांधलीय. गेल्या रविवारी हातभर व्हती. येवढीशी कशी झाली?"

काकांचा चेहरा उतरला. "मावशी, मला वाटलं, चिंधी नजर लागू नये म्हणून आहे. तवसं तोडल्यावर म्हटलं, बाकीच्यांना नजर नको. म्हणून सोडून हिला बांधली."

मावशी मटकन खाली बसली. हे बी तिच्या आईनं लग्नात पदराला बांधून दिलेलं. दरसाल काही काकड्या बियासाठी वेलावर राखायच्या. यंदा डब्यातलं सगळं बी पेरलं आणि राखलेल्या काकड्या पावसात कुजल्या. उरली होती ती एवढी एकच, आणि वेल तर आता सुकायला आलेले, नवी काकडी पिकेपर्यंत टिकणार नव्हते. मावशी रागावली असती तरी बरं वाटलं असतं.

*

काकांनी तिथूनच काकींना फोन लावला. "बिया? ओल्या कचऱ्यात टाकल्या!"

आम्ही तसेच परत फिरलो. सोसायटीच्या मागे ओला कचरा टाकायची खताची टाकी आहे. तिच्या वासाला घाबरून एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. काकांनी झाकण उचललं आणि आम्ही तिघंही आत वाकलो.

चहापत्ती, केळ्याच्या साली, इतक्या घरांचं खरकटं, आणि त्यातून वर आलेली पिवळट-हिरवी रोपं! प्रत्येकाला दोन जाड पानं. बाजूच्या जाळीतून जरासा उजेड येत होता, तिकडे सगळ्यांच्या माना. आपण टाकून दिलेलं उभं राहिलं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता! मला हात जोडावेसे वाटले. कमलेशभाईंनी तर जोडलेही.

काकांनी चमच्यानं एकेक रोप उचलून चहाच्या कागदी कपात ठेवलं. कप मांडीवर घेऊन आम्ही रिक्षात बसलो. प्रत्येक खड्ड्याला कमलेशभाई ओरडत होते, "आहिस्ता भैया! बच्चे हैं!"

*

मावशीनं एक कप उचलला. पान बोटात हलकेच चोळलं, वास घेतला आणि डोळे मिटले.

"तीच हाय," ती म्हणाली. "माझ्या आयच्या मांडवाची."

तिनं एकेक रोप मांडवाखाली लावलं, विहिरीचं पाणी ओंजळीनं घातलं. दोन कप मात्र बाजूला ठेवले होते. ते तिनं काकांच्या हातात दिले.

"घरी लावा. बी तुमच्याकडं बी राहू दे."

काका गोंधळले. "माझ्याकडे? अहो, तोडलं मीच ना!"

"म्हनूनच," मावशी म्हणाली. "आता तुमी दुसऱ्या कुनाला हात लावू देनार न्हाय."