घरचा काटा, विमानतळाचा काटा

पेणमधल्या माझ्या भंगाराच्या दुकानातल्या काट्याने आजवर कुणाचंही वाईट केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तो स्वभावाने जरा संकोची आहे, एवढंच. समोरच्याचा माल किती जड आहे ते तो एकदम बोलून दाखवत नाही.

बंद पडलेला हातपंप भंगारातल्या तुकड्यांनी चालू करायची कला मला येते. ते ऐकून एका मदतसंस्थेने मला सहा महिन्यांसाठी आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या छावणीत पंप दुरुस्तीला बोलावलं. फॉर्मात वजन विचारलं होतं. घरचा काटा असताना डॉक्टर कशाला? उभा राहिलो. सत्तर किलो. बायकोने, म्हणजे सुलूने, ते फॉर्मात लिहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहिलं. (ते कॅलेंडर तेव्हाच बंबात घालायला हवं होतं!)

विमानात तेवीस किलोची बॅग चालते. पाने, पकडी, वॉशर आणि सुलूने लाटलेले पोह्याचे पापड असं दुकानातल्या त्याच काट्यावर रचत रचत मी बरोबर तेवीसला थांबलो. एक ग्रॅम फुकट सोडला नाही.

पोचवायला रोह्याहून मेहुणा दिलीप आला होता. तो दोन वर्षं माझ्यावर धुमसत होता. त्याच्या जुन्या भातगिरणीचं लोखंड मी विकत घेतलं, तेव्हा "भावोजी, एवढंच कसं भरतंय?" असं त्याने चार वेळा विचारलं होतं आणि मी चारही वेळा भडकलो होतो.

विमानतळावरच्या मुलीने बॅग काट्यावर घेतली. सव्वीस.

"तुमचा काटा खोटा हाय," मी म्हणालो.

"सर, सकाळपासून दोनशे बॅगा झाल्या ह्याच्यावर."

"म्हणजे दोनशे लोकांना फसवलंत. साहेबाला बोलवा."

साहेब आला. वीस मिनिटं भांडून मी शेवटचा भाव सांगितला. "तुमचं नाय, माझं नाय. साडेचोवीस धरा."

"काका, हे वजन आहे. भाजी नाही."

मागून दिलीपचा आवाज आला, साखरेत घोळलेला. "भावोजी, आमचं लोखंड तुमच्या त्याच काट्यावर मोजलं होतं ना?"

हत्यारं तर न्यायलाच हवी होती. तीन किलो पापड बाहेर निघाले. ते दिलीपने रोह्याला नेले आणि तळून खाल्ले. हे मी विसरलेलो नाही.

सहा महिन्यांत मी एकतीस पंप चालू केले. खाणं मोजकं, ऊन बेसुमार. पँटला सुतळी बांधायची पाळी आली. परत आलो तेव्हा दुकानात हार, पेढे आणि सगळी आळी हजर. दिलीपही.

"किती खंगलात ओ," शेजारच्या काकू हळहळल्या.

"सेवा म्हणजे खायचं काम नाय, काकू," मी म्हणालो.

"मग वजनच करा ना, भावोजी," दिलीप म्हणाला. "किती झिजलात ते लोकांना कळू दे."

हारासकट ऐटीत चढलो. चौऱ्याहत्तर.

सुलूने कॅलेंडर बघितलं. "अहो, चार किलो वाढलात?"

"काटा बिघडलाय!"

"बिघडलेला होता," दिलीप म्हणाला. "तुम्ही नव्हतात तेव्हा माणूस आणून दुरुस्त करून घेतला. तो बघा सरकारी शिक्का. ताईनेच किल्ली दिली."

मी सुलूकडे बघितलं. ती पेढे वाटू लागली.

"आता दोनच गोष्टी असतील," दिलीप पुढे म्हणाला. "एक तर तिकडं खाऊन खाऊन तुम्ही वाढलात. नायतर सत्तर दाखवणारा काटा खोटा होता. तसं असेल तर माझ्या लोखंडाचा हिशोब परत मांडू."

हार मानेला टोचत होता. कमरेची सुतळी शर्टाखाली होती. ती दाखवली असती, तर मी झिजल्याचा पुरावा तिथेच मिळाला असता, आणि सत्तर दाखवणारा काटा खोटा ठरला असता.

मी शर्ट खाली ओढला.

"खाल्लं," म्हणालो. "पोटभर खाल्लं. छावणीत जेवण फार झकास होतं."

तेव्हापासून पेण ते रोहा मी निर्वासितांचा शिधा फस्त करून आलेला माणूस म्हणून ओळखला जातो. पण दिलीपच्या लोखंडात मी एक किलोसुद्धा वाढवून दिला नाही!