डावी पाकळी

"देवीचं नि माझं बोलनं न्हाई सध्या. शिरगावच्या गुरवाकडं जा."

दाराशी आलेल्या माणसाला आमचे गुरव आबा एवढंच सांगायचे आणि पुन्हा सुपारी कातरायला लागायचे. माणूस बिचारा हरवलेली म्हैस नाहीतर पोरीचं स्थळ घेऊन कौल लावायला आलेला असायचा. थोडा वेळ ताटकळायचा, मग जायचा. आबांचं हे 'सध्या' माझं लग्न होऊन मला दोन पोरं झाली तरी संपलं नव्हतं.

आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मी रोज बघत होतो. पूजा त्यांनी एक दिवस चुकवली नाही. पण नैवेद्य ठेवायचा आणि लगेच पाठ फिरवायची. नवऱ्याशी अबोला धरलेली बाई ताट सरकवते ना, तसं. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "आबा, चूक कुणाची? तुमची का तिची?"

"तिची कशी आसंल?" म्हणाले, आणि हसले नाहीत.

चूक काय ती मला ठाऊक होती. सगळ्या गावाला ठाऊक होती. आम्हाला ते ठाऊक आहे, हे मात्र एकट्या आबांना ठाऊक नव्हतं.

आमचं गाव वलवणच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. गावाच्या डोक्यावर देवीची राई. तिथली वाळली काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. राईतला झरा खालच्या भातखाचरांना पुरायचा. वलवणचं धरण झालं, लोणावळ्याला हवा खायला येणारे मुंबईकर वाढले आणि एका शेटजींना बंगल्यांसाठी आमची राई आवडली. आवडणारच हो, सावली कुणाला नको असते? मामलेदार म्हणाले, निम्मी बंगल्यांना द्या, निम्मी राखा. पण गावाची हरकत असता कामा नये. पाटील म्हणाले, देवीला विचारू.

कौल तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. देवीच्या शेंदरी दगडाला दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आबांचा मुलगा तेव्हा मुंबईला गिरणीत जायला निघाला होता. बंगले झाले तर इथंच रखवालदारी मिळेल, असं शेटजींच्या माणसानं त्याच्या कानावर घातलं होतं. सगळं गाव देवळात जमलं. आबांनी उजवी पाकळी नुसती टेकवली. डावी अंगठ्यानं चांगली दाबली. आम्ही पुढंच बसलो होतो. उजवी पडली. पाटलांनी भंडारा उधळला आणि आम्ही हात जोडले. प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी कामाला लागणार होतं, मग बोलतो कोण?

खालची निम्मी राई तुटली. मुलाला खाकी कोट मिळाला. माझा भाऊ बंगल्यावर माळी झाला, पाटलांचं दूध तिकडे जाऊ लागलं. झरा मात्र होळीलाच आटायला लागला आणि बायका घागरी घेऊन धरणाकडे जाऊ लागल्या. त्या दारावरून जायला लागल्या की आबा सुपारी टाकून आत जाऊन बसायचे. आपण एकट्यानं गाव बुडवलं असं ते धरून चालले होते, आणि आम्ही त्यांना तसं धरू दिलं. वर सणाला पुरणपोळी पाठवायचो. सांगताना लाज वाटते.

पुढे शेटजींना वरची राईही हवीशी झाली. मामलेदार पुन्हा आले, देवळासमोर खुर्ची मांडली गेली. पाटलांनी फुलांचं तबक पुढे सरकवलं. "लावा कौल, आबा."

आबांनी तबकाला हात लावला नाही. उभे राहिले.

"मागल्या खेपंला देवी बोलली न्हवती. डावी पाकळी म्या दाबली व्हती, पोरापायी. तुमा समद्यांना फशिवलं." आणि त्यांनी गावापुढे हात जोडले.

ते हात बघवेनात. आबांच्याच वयाची तारामावशी बायकांत बसली होती, ती पटकन म्हणाली, "नगा वो आबा, हात नगा जोडू. आमाला म्हाईत व्हतं. समद्यांनी बघितलं व्हतं तवाच."

तिला बिचारीला धीर द्यायचा होता.

आबांचे हात खाली आले. त्यांनी पाटलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खाकी कोटातल्या मुलाकडे पाहिलं. आम्ही एकेक जण मान खाली घालत गेलो.

"मंग बोलला का न्हाई कुनी?"

शेवटी मामलेदारांनीच विचारलं, "हरकत आहे का गावाची?"

"हाय," पाटील जमिनीकडे बघत म्हणाले. वरची राई वाचली.

दुसऱ्या दिवशी आबा पूजा मुलाच्या हाती देऊन कार्ल्याला लेकीकडे गेले. आम्ही निरोप धाडले. उत्तर आलं नाही.

ते वारल्याचं आम्हाला तेरावं उरकल्यावर एका दूधवाल्याकडून कळलं. पाटील, मी आणि आबांचा मुलगा कार्ल्याला गेलो. लेकीनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं.

"कळवायचं तरी, बाये," पाटील म्हणाले. "खांदा द्याया आलो आसतो."

"आबा नगं म्हनले व्हते," ती म्हणाली. "आग्नी माज्या पोरानं दिला."

मुलगा उंबऱ्याबाहेरच उभा होता. आम्ही पाणी प्यालो आणि उठलो.